सलाईन चढते, बीपी चढत नाही

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी दवाखान्यातला इमर्जन्सीचा ट्रे बघा. ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, डेक्सा यांच्या शेजारी हायड्रोकॉर्टिझोनच्या दोन-चार बाटल्या सहसा असतातच. दम्याचा झटका आला, इंजेक्शनची रिॲक्शन येऊन अंगावर गांधी उठल्या, सर्पदंशाची लस बाधली, की ती पांढरी पावडर पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायची, हे सिस्टरच्याही हाताला सवयीचं झालेलं असतं. हीच बाटली आणखी एका आजारात माणसाला मरणाच्या दारातून परत आणते आणि नेमकी त्याच आजारात ती ट्रेमध्ये पडून राहते. औषध हाताच्या अंतरावर असतं. शंका येत नाही, एवढंच.

हा आजार अधिवृक्क ग्रंथी थकण्याचा. डॉक्टर त्याला ‘ॲड्रीनल इन्सफिशियन्सी’ म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला एकेक ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्यातून कॉर्टिसोल झरतं. ते रक्तदाब टिकवून धरतं, उपाशीपोटी साखर पडू देत नाही. अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. कॉर्टिसोल किती सोडायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. निरोगी माणसाला ताप भरला, अपघात झाला, ऑपरेशन झालं, की कॉर्टिसोल आपोआप कित्येक पटींनी वाढतं आणि माणूस तो तडाखा सोसतो. ज्याचं ते वाढू शकत नाही त्याला साधा ताप किंवा दोन दिवसांचे जुलाबही झोपवतात. बीपी पडतं, साखर पडते, रक्तातलं सोडियम उतरतं, ओकाऱ्या थांबत नाहीत, पोट इतकं दुखतं की सर्जनला बोलवावंसं वाटावं. याला ‘ॲड्रीनल क्रायसिस’ म्हणतात. युरोपातल्या नोंदींनुसार, निदान झालेल्या आणि औषध घेणाऱ्या शंभर रुग्णांपैकी दर वर्षी सहा ते आठ जणांवर अशी वेळ येते. निदानच न झालेल्यांची मोजदाद कोण ठेवणार!

१८५५ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले थॉमस ॲडिसन यांनी अकरा रुग्णांची हकिगत छापली. अंगात त्राण नाही, अन्न जात नाही, कातडी काळवंडलेली, आणि मृत्यूनंतर पाहावं तर अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या. त्यांतल्या बऱ्याच ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. पुढची जवळजवळ शंभर वर्षं या आजाराला खात्रीचं औषध नव्हतं. कॉर्टिझोन हाती आलं आणि त्यासाठी केंडल, राइखस्टाइन व हेंच या तिघांना १९५० सालचं नोबेल मिळालं, तेव्हा हा जीवघेणा आजार रोज गोळी घेऊन निभावण्याजोगा झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी हे ॲडिसनच्या आजाराचेच रुग्ण. त्यांचं निदान १९४७ मध्ये लंडनला झालं होतं आणि १९६०च्या निवडणुकीत ते शिताफीने झाकून ठेवलं गेलं.

तिकडच्या पाठ्यपुस्तकांत या आजाराचं पहिलं कारण म्हणून शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे कारणांची ओळ वेगळी लागते, आणि बीडसारख्या जिल्ह्यात ती कशी लागते हे ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या डॉक्टरला मदत करण्याच्या गोष्टी पोकळ ठरतात.

पहिला मान स्टिरॉइडच्या गैरवापराचा. गुडघेदुखी, कंबरदुखी, दमा, खाज, ‘अंग भरत नाही’ अशा कुठल्याही तक्रारीवर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या आणि पुड्या असतात. त्यांत अनेकदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं, देणाऱ्याला बहुधा असतं. दोन दिवसांत गुडघा हलका होतो, भूक लागते, महिन्याभरात गाल वर येतात. शेजारीण म्हणते, तब्येत सुधारली हो तुमची! रोज पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त स्टिरॉइड तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ पोटात जात राहिलं, की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं सोडू लागतं. दळलेलं पीठ बाहेरून येऊ लागलं की घरातलं जातं कोपऱ्यात जातं. वर्षभराने बाहेरचं पीठ एकाएकी बंद झालं, तर खुंटा सैल झालेला आणि टाकीचे घाव बुजलेले जातं त्याच दिवशी चालू होत नाही. अधिवृक्क ग्रंथीला पुन्हा चालू व्हायला काही आठवडे लागतात, कधी कधी वर्षही लागतं.

असा एक प्रसंग कल्पून बघा. पंचावन्न वर्षांची बाई, दोन दिवसांचा ताप, पाच-सहा ओकाऱ्या. मुलाने मोटारसायकलवर मधे बसवून आणलेली. बीपी ८० वर ५०. डॉक्टर एक सलाईन लावतात, मग दुसरी. बीपी ८४.

“मावशी, गोळ्या कुठल्या चालू हायेत का?”

“न्हाई सायेब. काहीच घेत न्हाई मी.”

उत्तर शंभर टक्के खरं आहे आणि त्याचा शून्य उपयोग आहे. घोटाळा प्रश्नात आहे. आपल्या केसपेपरवर ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा रकाना असतो. इथे धोका बंद झालेल्या औषधात दडलेला. डॉक्टर एक प्रश्न पुढे गेले असते, “पहिलं काय घेत व्हता?” असं विचारलं असतं, तर मुलाने सांगितलं असतं, “गुडघ्याची पुडी व्हती दोन वर्षं. दिवाळीपासून बंद हाय. देणारा येतच न्हाई आता.” मग गोल चेहरा, दंडावरची पातळ कातडी, हाताला नुसतं धरलं तरी उठणारे निळे डाग, पोटावरचे जांभळे पट्टे, सगळं एका ओळीत बसलं असतं. या रुग्णांची कातडी काळी पडत नाही, म्हणून ॲडिसनचं वर्णन पाठ असलेला डॉक्टरही चकतो.

याहून फसवी गोष्ट आहे ‘ताकदीच्या सलाईन’ची. हातपाय गळाले, थकवा आला, की सलाईन लावायची आणि तिच्यात डेक्साची एक बाटली टाकायची, हा प्रकार खेड्यांत सर्रास चालतो. ज्याच्या ग्रंथी खरोखर निकामी होत आल्या आहेत अशा माणसाला यात मीठ, पाणी, साखर आणि स्टिरॉइड हे चारही मिळतात. म्हणजे कुणाच्या नकळत त्याच्यावर अर्धा-मुर्धा बरोबर उपचार होतो! तो उठून बसतो, घरी चालत जातो, आठ दिवसांनी परत गळतो, परत सलाईन. वर्षाकाठी पाच-सहा सलाईनी लागणारा माणूस ‘नाजूक प्रकृतीचा’ म्हणून गावभर ओळखला जातो. माझ्या मते आपल्याकडचं निदान लांबवण्यात या सलाईनचा वाटा मोठा आहे. ‘सलाईनने दर वेळी बरं वाटतं’ हे वाक्य ऐकलं की सोडियम-पोटॅशियम तपासायची चिठ्ठी लिहावी, इतकं ते बोलकं आहे.

दुसरं कारण क्षय. क्षयाचे जंतू अधिवृक्क ग्रंथीत जाऊन बसतात आणि ग्रंथीचा बराचसा भाग खाऊन झाल्यावरच लक्षणं दिसतात. इथे एक पेच आहे. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसोल जास्त वेगाने मोडायला लावतं. ग्रंथी आधीच काठावर असेल, तर गोळ्या सुरू झाल्यावर रुग्ण सुधारायचा सोडून खंगू लागतो. ओकाऱ्या, चक्कर, अन्नावरची वासना गेलेली. घरचे म्हणतात, गोळ्या गरम पडल्या. दवाखान्यातही पित्ताची गोळी वाढवून मिळते. बऱ्याचदा ते खरंच पित्त असतं किंवा यकृतावरचा परिणाम असतो, हे कबूल. पण अशा रुग्णाचा तळहात उलटा करून रेषांत पाहायला किती वेळ लागतो? रेषा काळ्या, बोटांच्या पेरांवर काळपट, हिरड्यांवर शाईचे ठिपके पडावेत तसे डाग, अलीकडच्या जखमेचा व्रण आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद. शेतात राबणाऱ्या माणसाचा चेहरा उन्हाने रापलेला असतोच, तिथे काही कळत नाही. हिरड्यांना मात्र ऊन लागत नसतं. शिवाय हा माणूस मीठ मागतो, ताकात मीठ, भाकरीवर मीठ, नुसतं लोणचं.

घोणस हे आपल्या मातीतलं तिसरं कारण. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, मूत्रपिंडं बंद पडतात, रुग्ण डायलिसिसवर जातो आणि वाचला तर सगळे सुटकेचा श्वास सोडतात. त्यातल्या काहींच्या पिट्युटरीत याच गडबडीत रक्तस्राव झालेला असतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. म्यानमारमधल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात हे नीट मांडलं, पुढे भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले. कधी दंशानंतर काही दिवसांतच बीपी आणि साखर पडते, कधी महिन्यांनी किंवा वर्षांनी थकवा, काखेतले केस गळणं, पाळी बंद होणं, पुरुषात दाढी विरळ होणं अशा वाटेने कळतं. तोवर साप चावल्याची गोष्ट सगळे विसरलेले असतात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. जे वाचतील त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘पुढे थकवा राहिल्यास सकाळचं कॉर्टिसोल तपासा’ एवढी ओळ छापायला काहीच हरकत नसावी.

बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाने पिट्युटरी मरते, हे लिव्हरपूलच्या हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये मांडलं. श्रीमंत देशांत हा आजार आता विरळा झाला. आपल्याकडे अशा बायका अजून सापडतात. बाळंतपणात खूप रक्त गेलं, बाळाला अंगावर दूध आलंच नाही, पाळी परत आली नाही, आणि मग दहा-पंधरा वर्षं नुसता ‘अशक्तपणा’. विचारायचे प्रश्न दोनच, दूध आलं होतं का आणि पाळी आली का. हे प्रश्न आशाताई डॉक्टरपेक्षा चांगल्या विचारू शकतात.

आणि तान्ही बाळं. जन्मतःच ग्रंथीतलं एक विकर नसलेल्या बाळांचं मीठ वाहून जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकाऱ्या होऊन ती सुकतात. मुलींच्या जननेंद्रियांच्या ठेवणीवरून जन्मावेळीच शंका येते, मुलगे दिसायला अगदी ठीक असतात आणि जुलाब-उलटीच्या नावाखाली जातात. आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली. त्यात साधारण ५,७०० बाळांमागे एक असं प्रमाण आलं. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू करून देशात पहिलं पाऊल टाकलं होतं.

आता उपचार. मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम लगेच, शिरेतून आणि शीर सापडत नसेल तर दंडात किंवा मांडीत. पहिल्या तासात नॉर्मल सलाईन सुमारे एक लिटर, साखर कमी असेल तर ग्लुकोज. पुढच्या चोवीस तासांत आणखी २०० मिलिग्रॅम, म्हणजे दर सहा तासांनी ५०. शाळकरी मुलाला पहिला डोस ५०, तान्ह्याला २५. शक्य असेल तर पहिल्या डोसआधी थोडं रक्त काढून ठेवावं, पण रिपोर्टची वाट बघत थांबू नये. शंका चुकीची निघाली तर एका डोसने बहुधा काहीही बिघडत नाही. शंका बरोबर असून डोस दिला नाही, तर रुग्ण हातचा जातो. वैद्यकशास्त्रात इतका एकतर्फी हिशेब फार थोड्या ठिकाणी मिळतो, आणि तरीही तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरचा हात अडखळतो, कारण स्टिरॉइड द्यायला घाबरायचं हे त्याला कॉलेजात शिकवलेलं असतं. ते शिकवणं योग्यच होतं. या एका जागी त्याला अपवाद आहे, हे कुणीतरी त्याला ठामपणे सांगायला हवं.

डॉक्टरांना पाठबळ म्हणजे माझ्या दृष्टीने हेच सांगणं. एखाद्या हॉटेलात औषध कंपनीच्या खर्चाने झालेलं रविवारचं व्याख्यान सोमवारी ओपीडीत आठवत नाही. महाडचं उदाहरण आपल्यासमोर आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगडातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने माणसं डोळ्यांदेखत मरत होती. त्यांनी लक्षणं टिपली, १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून मृत्यूचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्यावर आलं. ती गोळी कोकणभर पसरली, कारण नियम एका वाक्यात मावत होता आणि गोळी आरोग्य केंद्रातच देता येत होती. अधिवृक्क ग्रंथीच्या बाबतीतही वाक्य तयार आहे: दोन सलाईननंतर बीपी चढत नसेल तर स्टिरॉइड बंद केलं होतं का विचारा, आणि हायड्रोकॉर्टिझोन द्या. ते इंजेक्शनच्या टेबलासमोर, सिस्टरच्या डोळ्यांच्या उंचीवर, मराठीत चिकटवलेलं असावं. कारण रात्री दोन वाजता पहिली नजर तिची पडते.

केजला उपजिल्हा रुग्णालय आहे. चंदनसावरगाव, होळ करत पुढे गेलं की अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ग्रामीण भागासाठीच म्हणून सत्तरच्या दशकात उभी राहिलेली ही संस्था जवळ असणं हे या तालुक्याचं भाग्य. रुग्ण तिकडे पाठवताना पहिला डोस केजमध्येच देऊन, वेळ आणि मात्रा चिठ्ठीवर लिहून पाठवला, तर १०८ रुग्णवाहिकेतला प्रवास धोक्याचा राहत नाही. पुढची तपासणी निवांत होते. सकाळी आठचं कॉर्टिसोल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर निदान जवळपास पक्कं, १५ ते १८ च्या वर आलं तर बहुधा नाहीच, मधल्यांना इंजेक्शन देऊन पुन्हा मोजावं लागतं. त्यासाठी परदेशात वापरतात ते सिनॅक्थेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून भारतीय डॉक्टरांनी एसीटीएचच्या, म्हणजे पिट्युटरीकडून येणाऱ्या त्या हुकमाच्याच, दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनवर तीच चाचणी बसवली आहे.

अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. त्यांनी आठवड्यातून एक तास तालुक्याच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवला तर बरंच साधेल. न्यू मेक्सिकोतले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस-सी साठी अशीच पद्धत सुरू केली. पडद्यावर तज्ज्ञ आणि लांबलांबचे डॉक्टर एकत्र बसतात, प्रत्येकजण आपला खरा रुग्ण मांडतो. ‘इको’ नावाने ती आता भारतातही चालते. सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सल्ला सेवेवर रुग्ण दाखवता येतो, पण डॉक्टरने डॉक्टरला “मी बरोबर केलं का?” असं विचारायची सोय वेगळी लागते. तो प्रश्न विचारायला कुणाला कमीपणा वाटू नये, इतकी ओळख आधी झालेली असावी लागते.

निदान झाल्यावरचा भाग सोपा दिसतो आणि तिथेच घसरण होते. रोज हायड्रोकॉर्टिझोन १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, मोठा वाटा सकाळी उठल्याबरोबर. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही गोळी मिळाली नाही तर प्रेडनिसोलोनवर भागवतात. ताप आला तर बरं होईपर्यंत डोस दुप्पट-तिप्पट. ओकाऱ्या होत असतील तर गोळीच्या भरवशावर न राहता इंजेक्शन. श्रावणात उपवास धरणाऱ्या किंवा रोजे ठेवणाऱ्या रुग्णाला हे आधीच बोलून ठेवावं लागतं. ‘स्टिरॉइड वाईट’ असं कुणा नातेवाइकाने सांगितलं आणि गोळी सोडली, हे तर नेहमीचंच. तेव्हा डॉक्टरने पहिल्याच भेटीत फरक स्पष्ट करावा. पुडीतलं स्टिरॉइड शरीराला नको होतं, हे मात्र शरीर स्वतः बनवायचं तेच आहे.

इंग्लंडने २०२० मध्ये स्टिरॉइडवर अवलंबून असलेल्यांसाठी एक आपत्कालीन कार्ड काढलं. आपल्याकडे ते छापायला सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही, कुठलाही डॉक्टर लेटरहेडवर लिहून लॅमिनेट करून देऊ शकतो. केजमधून दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. सहा महिने माणूस आपल्या डॉक्टरच्या नजरेआड, फडात, पाण्याची आणि अन्नाची आबाळ. म्हणून अशा रुग्णाला निघतानाच सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्याव्यात, आणि कार्ड एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये असावं: आजाराचं नाव, रोजची मात्रा, ‘उलटी, ग्लानी किंवा बीपी कमी असल्यास हायड्रोकॉर्टिझोन १०० मि.ग्रॅ. ताबडतोब’, आणि केजच्या डॉक्टरचा मोबाइल नंबर. आधार कार्डाच्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात ते बसतं. ते कुठल्या पिशवीत आहे हे नवऱ्याला किंवा बायकोला तर माहीत हवंच, मुकादमालाही सांगून ठेवावं.